शिडीचा कठडा

विजेचा स्मार्ट मीटर बसवण्याआधी वीज कंपनीच्या राजकुमारनं अंगणातल्या भिंतीपाशी यंत्र धरून सिग्नल तपासला. मग खात्रीसाठी घरातही फिरून आला. “काकू, फुल रेंज आहे. घरात कुठंबी बोला!” गच्चीवर फोनवर बोलणारी काकूंची सून एकदम गप्प झाली. ‘घरात रेंज नाही’ असं सांगून ती रोज लोखंडी शिडीनं वर जाऊन आईशी बोलायची. कौशल्याकाकूंनी घाईनं त्याला शिडीखाली ओढलं आणि त्या कुजबुजल्या, “हळू बोल ना बाप्पा! माह्या फोनले चुलीपाशी बी रेंज असते, मले काय माहीत नाही?” “मंग सूनबाई वर काऊन जातात?” “माह्यासमोर मायजवळ मन कसं मोकळं करन ते?” त्यांनी शिडीच्या नव्या कठड्यावर हात ठेवला. “पावसात घसरन म्हणून मीच लावून घेतला.” राजकुमार मोठ्यानं म्हणाला, “रेंज भिंतीपाशीच आहे काकू, आत नाही!” वर माय-लेकीचं बोलणं पुन्हा सुरू झालं.