दुसरा सेट

पहिला सेट एमेटने जिंकला आणि क्लिंट बार्लोने त्याच क्षणी पैसे लावले, तो दुसरा हरेल यावर.

लॅपटॉपवर एकच प्रश्न होता: एमेट लँग्डन दुसरा सेट जिंकेल का? देशभरातले लोक ‘हो’ आणि ‘नाही’च्या तिकिटांची खरेदी-विक्री करत होते. उत्तर बरोबर आलं की एका तिकिटामागे एक डॉलर, चुकलं की शून्य. ‘नाही’ स्वस्तात मिळत होतं. क्लिंटने महिन्याभराची सगळी कमाई त्यात ओतली. जरासुद्धा विचार केला नाही.

करावा तरी कशाला? टीव्हीवर ह्यूस्टनच्या मातीच्या टेनिस कोर्टवर घसरत खेळणारा हा माणूस त्याला तोंडपाठ होता. दुहेरीत कित्येक वर्षं दोघं जोडीने खेळले होते. एकाच मोटेलच्या खोलीत राहिले होते, एकाच बादलीतलं तळलेलं चिकन खाल्लं होतं. पहिला सेट हातात आला की एमेट दुसऱ्यात जरा मागे पडताच सरळ सोडून द्यायचा. दम तिसऱ्यासाठी राखायचा. बाजारातल्या लोकांकडे आकडे होते, क्लिंटकडे एमेट होता.

झालंही तसंच. समोरच्या अर्जेंटिनाच्या पोराने बघता बघता चार गेम घेतले, एमेटचा एकच. ‘नाही’चा भाव जवळजवळ डॉलरला जाऊन टेकला.

“विकून टाक आता,” सँडविचची ताटली टेबलावर ठेवत त्याची बायको नोरीन म्हणाली. “चांगला फायदा दिसतोय की.”

“अगं, याचं पुढचं मी डोळे मिटून सांगतो. आता तो खांदे पाडेल, आणि चेंडूमागे धावायचं सोडेल.”

बाजू बदलताना एमेट टॉवेल खांद्यावर टाकून प्रेक्षकांकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ. मग उठला आणि खेळायला लागला.

पुढचा चेंडू पार कोपऱ्यात पडला. त्याच्यामागे जाण्यात काही अर्थ नव्हता. एमेट गेला. छातीवर पडला, पण चेंडू परतवला. त्यानंतर प्रत्येक चेंडूमागे तो असा धावला, जणू पुढे तिसरा सेट नाहीच. चार-तीन. चार-चार. ‘नाही’चा भाव घसरत होता. अजूनही विकून मुद्दल वाचवता आलं असतं, पण क्लिंट लॅपटॉपकडे बघतच नव्हता.

सहा-सहा झाले आणि सेट टायब्रेकमध्ये गेला. एमेटचे गुडघे मातीने माखले होते. चाळिशीला आलेला माणूस विशीतल्या पोरासारखा ओरडत होता. क्लिंट कधी उभा राहिला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

“जा! जा रे, गाढवा! पोचतोस तू!”

“अरे, तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस?” नोरीनने विचारलं.

एमेट पोचला. सेट त्याचा झाला, सामनाही त्याचाच. लॅपटॉपवर क्लिंटच्या नावापुढे शून्य उमटलं, आणि तो खुळ्यासारखा टाळ्या वाजवत राहिला.

थोड्या वेळाने फोन वाजला. एमेटच होता. धाप अजून उतरली नव्हती.

“काय रे, किती बुडाले?”

क्लिंट दचकला, मग हसला. “सगळे. तुला कसं कळलं?”

“तू दुसरं काय करणार होतास?”

“पण लेका, तू दुसरा सेट सोडतोस. आयुष्यभर सोडलास. माझा अंदाज चुकलाच कसा?”

“चुकला नाही. मी सोडणारच होतो. शेवटची स्पर्धा म्हणून माझ्या माणसांत तुझ्यासाठी जागा ठेवली होती ना. टॉवेल घेताना तिकडे बघितलं. सगळे आले होते, तुझी तेवढी खुर्ची रिकामी होती. कळलं, घरी बसून माझ्या हरण्यावर पैसे लावलेस. मग कसा सोडू?”