जावयाचा खिमा

डेल्फिनने सकाळपासून चौथ्यांदा फ्रिज उघडला. खिम्याचं भांडं तिथंच होतं, लालभडक. नाताळला तिच्या फ्रिजमध्ये काय नसायचं? पण या एका भांड्याने तिचा जीव टांगणीला लावला होता.

जावई एरिक अमेरिकेचा. लग्नानंतर पहिल्यांदाच सासुरवाडीला आलेला. पहाटेच सासऱ्यांना उठवून तो होळी गावच्या बाजारात गेला होता आणि म्हशीचं ताजं मटण डोळ्यांदेखत दोनदा मशीनमधून काढून आणलं होतं.

"मम्मी, ते कच्चंच खातात," लविनाने सांगून टाकलं. "पावावर लावायचं, वर कांदा, मीठ, मिरपूड. त्याचे पणजोबा जर्मनीहून आले तेव्हापासूनचं आहे. दर नाताळला त्याचे डॅडी सगळ्यांना लावून द्यायचे."

ते डॅडी एप्रिलमध्ये गेले. म्हणून तर डेल्फिनला काही बोलवत नव्हतं. पण दुसऱ्याचं पोर आपल्या घरी आजारी पडलं, तर त्याच्या आईला कोणत्या तोंडाने फोन करायचा?

"तुम्ही तरी सांगा त्याला," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी भूगोल शिकवला, खिमा नाही," म्हणत फर्डिनंड मास्तर केळींना पाणी सोडायला वाडीत सटकले.

एरिक आंघोळीला गेला तशी डेल्फिनने कढई चढवली. तेल, कांदा, घरचा मसाला. खिम्याचं भांडं कलतं केलं. निम्मा खिमा चर्र करून तेलात पडला आणि बघते तर दारात ओल्या केसांनी एरिक उभा.

तो चिडला नाही. नुसता कढईकडे बघत राहिला. त्याचा बाप आजच गेला असावा असा चेहरा झाला होता. डेल्फिनला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

"थोडं," तो म्हणाला.

मराठीतला एवढा एकच शब्द त्याला येत होता. आठ दिवस तो ताटावर आडवा हात धरून हेच म्हणायचा आणि सासू दुप्पट वाढायची. आज पहिल्यांदा तिचा हात थांबला.

तिने गॅस बंद केला आणि भांडं त्याच्या हातात दिलं. एरिकने पाव कापला, त्यावर जरासा खिमा लावला, कांदा ठेवला. ओट्याशी उभ्यानेच पहिला घास घेतला. डोळे भरून आले तसे त्याने ते मिटून घेतले.

सणाच्या दिवशी पोरगं असं एकटं जेवतंय, हे काही डेल्फिनला बघवेना. तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि एक पाव त्याच्यापुढे धरला.

"मलापण दे. थोडं."

लविना "मम्मी, अगं" म्हणेपर्यंत एरिकने भांडं निपटून होतं नव्हतं ते सगळं सासूच्या पावावर लावलं.