अनोळखी घरचा चहा

धाड!

चष्मेवाल्या काकूंचं कपाळ चौकटीवर आपटलं आणि मागच्या सगळ्यांना कळलं, की दार आलं.

कळून उपयोग झाला नाही. त्यांच्यामागून बँकवाले काका आले. धाड. मग नवं जोडपं, हातात हात घालून. धाड, धाड. सकाळपासून ही मंडळी बांधावरून तोल सावरत, मधूनच भातखाचरात घसरत, एकेक पायरी चढत आली होती. गुडघ्यापर्यंत चिखल होताच, आता कपाळाला टेंगूळही आलं. ‘डोंगरातलं जगणं जवळून अनुभवा’ असं जाहिरातीत होतं. याहून जवळून कसं अनुभवणार?

मग गाईड आली. "काठ्या बाहेरच ठेवा हं, आत जागा नाहीये," असं मागे राहिलेल्यांना वळून सांगता सांगता ती वाकली, आत शिरली आणि सरळ झाली. चौकटीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

चूक झाली ती इथे.

कारण हे घर अनोळखी होतं. निदान ठरलं तरी तसंच होतं. ‘वाटेत एखाद्या आजींनी हाक मारलीच, तर अनोळखी घरचा चहा’ असं कंपनीच्या पत्रकात छापलेलं होतं आणि या आजी रोज न चुकता हाक मारायच्या. आजी म्हणजे गाईडची सख्खी आई. ऐन लावणीत मुलगी चिखलातून पाय काढून या नोकरीला लागली, तेव्हा आई म्हणाली होती, "लोकांना शेत दाखवून पोट भरणार असशील, तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस." मुलीनं टाकलं नाही. खालच्या गावात खोली घेतली. दोघी एकाच माळेचे मणी.

मग एकदा कंपनीचे मालक नवी वाट बघायला तिलाच घेऊन आले, दमले आणि नेमके याच अंगणात बसले. परक्या माणसापुढे भांडण कसं काढणार? आई म्हणाली, "या, कोण हो तुम्ही?" मुलगी म्हणाली, "वाटसरू आहोत, आजी." मालक इतके भारावले, की त्यांनी हे घर कार्यक्रमातच घेतलं. तेव्हापासून रोज दुपारी दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. दिवसभरात एकमेकींशी बोलत होत्या ते तेवढंच.

मालकांचा नियम एकच. वाटेवर नातेवाईक नकोत. एक गाईड पाहुण्यांना आपल्या मावशीच्या घरी नेतो हे कळलं, तेव्हा त्यांनी मावशीसकट ती वाटच बंद करून टाकली होती.

"ताई, साखर किती घालू तुम्हाला?" आईनं विचारलं.

"एक चमचा, आजी."

आईनं तीन घातले. रोज घालायची.

"घरी कोण असतं तुमच्या?"

"आई आहे."

"बोलता का तिच्याशी?"

"तीच बोलत नाही."

"हट्टी असेल."

"खूपच."

"तरी म्हटलं, तुम्ही कुणावर गेलात."

बँकवाले काका खो खो हसले. नव्या नवरीनं डोळे टिपले. इथवर सगळं रोजच्यासारखं चाललं होतं.

"एक विचारू?" चष्मेवाल्या काकू टेंगूळ चोळत म्हणाल्या. "आम्ही झाडून सगळे आपटलो. तुम्ही कशा नाही आपटलात?"

"मी बुटकी आहे ना, काकू."

काकूंनी तिला नखशिखांत न्याहाळलं. शिखेपर्यंत पोचायला त्यांना मान बरीच वर करावी लागली.

"रोजची सवय दिसतेय," त्या म्हणाल्या. "म्हणजे ठरवून चाललंय हे. आम्ही खरंखुरं बघायला आलो होतो हो! कंपनीला कळवणार आहे मी."

नवरीनं रुमाल पर्समध्ये ठेवून दिला. आई कप गोळा करू लागली.

"छे हो! पहिल्यांदाच आलेय मी. आपटले नाही ते नशीब," गाईड म्हणाली.

"बरं," काकू म्हणाल्या. बाहेर गेल्या आणि दाराकडे तोंड करून, हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

गाईडला उमगलं. आता उपाय एकच. जाताना आपटायचं. चांगलं जोरात, अंगणात ऐकू जाईल असं. आज टेंगूळ घेतलं, तर उद्याचा चहा वाचणार होता. तीन चमच्यांचा.

सगळे बाहेर पडले. आई रिकामे कप घेऊन दाराशी निरोपाला उभी होती. गाईडनं पाठीवर सॅक चढवली आणि चालू लागली. दार जवळ येताच मान आपोआप खाली जायला लागली. डोकं चौकटीला टेकायला लागलं तेव्हापासूनची सवय ती. तिनं मान ताठ केली, दात आवळले, डोळे मिटले आणि पाऊल टाकलं.

धाड झालंच नाही.

खळ्‌कन आवाज झाला, पण तो कप फुटल्याचा होता. कपाळाला जे लागलं ते मऊ होतं, ओलसर होतं आणि त्याला चहाचा वास होता. तिनं डोळे उघडले. चौकट आणि तिचं कपाळ यांच्यामध्ये आईचा तळवा होता.

अंगणातून काकू बघत होत्या. सगळेच बघत होते.

"कार्टे," आई म्हणाली, "डोळे फुटले का तुझे?"