जिची तिची पुडी

दम्यावर चिनी जडीबुटीचा काढा खरंच चालतो का, हे तपासायला नव्यानंच झालेल्या लातूर जिल्ह्यात एक डॉक्टर आला होता. निम्म्या रोग्यांना औषधाची पुडी, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या भाजक्या पिठाची. कुणाला कोणती, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. जळकोटकडच्या दोघी जावा, गुरम्मा आणि नीलम्मा, महिन्यानं तपासणीला आल्या, तर दोघींचाही दमा हलका झालेला. खूष होऊन त्यानं विचारलं, "काढा कसा करता?" "चार गिलास पाणी आटवून एक करा म्हणलात तुमी," धाकटी नीलम्मा म्हणाली. "या दुष्काळात दोघींचे आठ गिलास कुठनं आणावं? दोघींच्या पुड्या एकाच पातेल्यात उकळतो अन् निम्मं निम्मं पितो." डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "आता या तपासणीतून दोघींची नावं कमी करावी लागतील. औषध कदाचित एकीच्याच पुडीत असेल. निम्म्या पुड्यांत नुसतं पीठ आहे, हे अंगठा घेताना वाचून दाखवलं होतं की!" "वाचलं तुमी, आमी मान हलवली," गुरम्मा म्हणाली. उरलेल्या पुड्या डॉक्टरनं जिच्या तिला परत दिल्या; पुढं मिळणार नव्हत्या. बाहेर लिंबाखाली दोघी आपापल्या पुड्या मोजत बसल्या. एकमेकींच्या छातीची घरघर इतकी वर्षं ऐकलेल्या जावा, पण आपलीच पुडी खरी, हे दोघींनाही पटलं होतं. "अक्का, आजपासून तुमचं तुमी उकळा," नीलम्मा म्हणाली. "अन् पाणी?" थोरलीकडं न बघता नीलम्मानं पुड्यांवर पदराची गाठ आवळली. "तेबी वाटून घेऊ."