मतदानाच्या आदल्या दिवशी

बाळंतपणाला आठवडा होतो न होतो, तोच रेनिटा अलाबामातल्या कारखान्यात मोटारींची दारं बसवायला हजर झाली. कंपनीचा जर्मन इंजिनियर डीटमार तिला बघून थबकलाच.

"अगं, तू इथे? आणि बाळ?"

"दवाखान्यात, काचेच्या पेटीत. आहे तेवढी रजा साठवतेय. घरी आलं की लागेल ना."

"जर्मनीत माझी बायको बाळंतपणानंतर वर्षभर घरी होती. सरकार पैसे देत होतं, नोकरीही शाबूत."

"नशीब काढलं तिनं. तुमच्या तिथल्या कारखान्यात युनियनसुद्धा आहे म्हणे?"

"आहे. मीही सभासद आहे."

"मग उद्या युनियन करायची की नाही यावर आमचं मतदान आहे, वरच्यांच्या कानावर घाल की. आम्हालाही करू द्या म्हणावं."

डीटमारचे डोळे भरून आले. त्याने चष्मा पुसला आणि काखेतल्या खोक्यातून एक बिल्ला काढून तिच्या हातावर ठेवला. त्यावर लिहिलं होतं, 'युनियन नको.' पाळी सुटायच्या आत त्याला कंपनीने दिलेले ते बिल्ले सगळ्यांना वाटायचे होते.

रेनिटा बिल्ल्याकडे बघत राहिली. "तिथे चालतं, मग इथे का नाही रे?"

"तिथे चालतं," तो हळूच म्हणाला, "म्हणून तर कंपनीने कारखाना इथे काढला."