वासाचे पारवे

संध्याकाळी वारा पडला, तेव्हा पार्वता वाफ्याशी ओणवी झाली. उन्हात या फुलांचा वास कळत नाही. बंगल्याची गोरी मडम त्यांना कोलंबाइन म्हणे. पार्वता म्हणे पारवे. फूल उलटं धरलं की पाच पारवे एका परातीत चोची घालून बसलेले दिसत.

व्हरांड्यातून मडम पाहत होती. वास आला तर चिखलदऱ्याची ही बाग पार्वताकडे राहणार होती. नाही तर वाफा खणून काढायला नवा माळी येणार होता.

पहिलं फूल. नुसता ओल्या पानांचा वास. दुसरं. तिसरं.

मधासारख्या वासाचं रोप एकच होतं, पिवळट फुलांचं. बी धरल्यावर ते पावसात कुजलं. त्याच्या कळ्यांवर तिनं मलमलीच्या पिशव्या बांधल्या होत्या. फाटकाजवळच्या बिनवासाच्या जांभळ्या फुलांवरून उठलेली मधमाशी त्यांचे पराग घेऊन इकडे बसू नये म्हणून. आता त्या बियांचा अख्खा वाफा जांभळा फुलला होता. बियांत जांभळ्याची भेसळ झाली, हे रंगावरूनच दिसत होतं. पण वास रंगाबरोबर जातोच असं नाही, म्हणून ती थांबली होती.

वाफा संपला. वास एकालाही नव्हता.

ती उठली आणि तिला झोपडीपुढे गाडी दिसली. वाकळा, हंडे, आणि सगळ्यांत खाली जातं. जात्याची तळी दोघांशिवाय उचलवत नसे. नवऱ्यानं, नत्थुजीनं, शेजारचा गडी बोलावला असणार.

"अवो, गाडी काहून भरली?"

"पहाटे निघायचं नं, अमरावतीले." नत्थुजी दोर आवळत होता. "कापसाच्या गंजीवर मुकादमी देऊन राहिले मले. विलायतवाले कापूस दिसला का उचलून राहिले. अवं, तिथं तं भाकरबी इकत भेटते!"

"मडमले मी अजून काई सांगतलं नाई."

नत्थुजीचा हात थांबला.

गेल्या वर्षी एका सकाळी पिशव्यांची तोंडं तिला घट्ट निरगाठींनी बांधलेली दिसली होती. तिची गाठ नेहमी सुरगाठ असे. 'वाऱ्यानं सुटल्या व्हत्या, मीनं बांधल्या,' नत्थुजी म्हणाला होता. नवरा फुलांनाही जपतो, हे तिनं विहिरीवर बायांना दोनदा सांगितलं होतं.

"पिशव्या वाऱ्यानं सुटल्या व्हत्या?" तिनं विचारलं.

तो बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिला. "दोन-चार दिवस माशी बसली, तं एवढं काय बिघडलं? तू हालतच नव्हती इथून, पार्वता."

माशीचं नाव तिनं काढलं नव्हतं.

"पार्वता!" व्हरांड्यातून मडमनं हाक मारली. "वास?"

"नाही, बाईसाहेब."

मडम आत गेली. नत्थुजीनं मोठा श्वास सोडला आणि पुन्हा दोराला हात घातला.

"जातं उतरवा," पार्वता म्हणाली.

"काहून?"

"तुमाले तं भाकर इकत भेटते. मी नाई येत."

तिनं वाकळा बाजूला सारल्या. तळीच्या एका कडेखाली हात घातले आणि तो दुसरी कड धरायला येईपर्यंत ती तशीच वाकून उभी राहिली.