तीन वर्षांचा अनुभव

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकच जागा निघाली होती. लासुर्ण्याच्या उत्कर्षानं अर्जात अनुभव म्हणून लिहिलं होतं, ‘बारामतीच्या कॉलेजात कमवा आणि शिका योजनेत रसायनशास्त्राच्या स्टोअररूमचं काम, तीन वर्षं.’

“रसातली साखर मोजायचं डिजिटल मशीन होतं का तिथं?” मुलाखतीत कारखान्याच्या केमिस्टसाहेबांनी विचारलं.

“आहे सर. डावीकडच्या कपाटात, वरून दुसरा खण. दसऱ्याला पूजेसाठी आणि तपासणीची कमिटी आली की मीच टेबलावर मांडायचे. परत खोक्यात भरताना थर्माकोलचा कोपरासुद्धा कधी तुटू दिला नाही.”

“आणि चालवलं कितीदा?”

उत्कर्षाचा आवाज एकदम खाली आला. “एकदाबी न्हाय सर. स्टोअरचे तात्या म्हणायचे, चालवलं की बिघडतं.”

साहेब उठले आणि कपाटातलं तसल्याच मशीनचं खोकं काढून त्यांनी तिच्यापुढं ठेवलं. त्यावर सहा दसऱ्यांचं हळदकुंकू साचलं होतं. कंपनीची चिकटपट्टी मात्र अजून जशीच्या तशी होती.

“सोमवारी आमच्याकडं कमिटी हाय,” साहेब म्हणाले. “उद्यापासनंच या.”